खंड्याची चौकट

सर, एकोणसाठाव्या वर्षी मी रंगीत काचेचं काम शिकायला लागलोय. हे ऐकून तुम्ही चष्मा कपाळावर सरकवला असता आणि म्हणाला असतात, "तू? आणि चित्रकला?" धाटावच्या रसायनांच्या कंपनीत तीसेक वर्षं माल तपासायच्या खात्यात काढली. पिंपावर काय लिहिलंय ते वाचायचं आणि ते खोटंच आहे असं धरून कामाला लागायचं. निवृत्त झालो तरी सवय सुटली नाही. दूध हुंगून बघ, दुरुस्तीवाल्याने खरंच नवा भाग घातला का ते उघडून बघ. बायको वैतागली, म्हणाली, "रविवारचे तरी कुठेतरी जा." मुलीने पेणमधला हा वर्ग शोधून दिला. आता दर रविवारी रोह्याहून सकाळची गाडी धरतो. गणपतीच्या एका कारखान्यामागे खोली आहे, आम्ही सहा जण आहोत, आणि शिकवणाऱ्या मॅडम माझ्या मुलीच्या वयाच्या आहेत.

पहिले दोन रविवार नुसतं कापणं. कटरचं बारीक चाक काचेवरून एकदाच, सलग फिरवायचं, मग काच दोन्ही हातांत धरून जरा वाकवल्यासारखं केलं की ती रेघेवर टक्कन सुटते. इतरांची सुटायची. माझी भलतीकडेच फुटायची. मी म्हटलं, काच जुनी दिलीय तुम्हाला दुकानदाराने. मॅडम हसल्या. "काका, काच चांगली आहे. तुम्ही त्याच रेघेवरून परत कटर फिरवताय. पहिली रेघ उठली यावर तुमचा विश्वासच नाही." त्या बोलल्या आणि सर, मला तुम्ही आठवलात. म्हणजे आठवीचा वर्ग आठवला.

तुम्ही माझा कागदावरचा घोडा हातात घेऊन उभे आहात. प्रदर्शनासाठी मागवलेली चित्रं तपासताय. कागद उलटा करता, बोट फिरवता, आणि सगळ्या वर्गासमोर म्हणता, "हा तू काढलेला नाहीस. छापलायस." मी रडलो. अगदी मनापासून रडलो, ते मला अजून आठवतं. दुसऱ्या दिवशी वडील शाळेत आले, मोठ्याने बोलले, आणि हेडमास्तरांच्या खोलीत तुम्हाला माझी माफी मागावी लागली. तेरा वर्षांच्या पोराची. तुम्ही मागितलीत. वर दोन दिवसांनी रंगांची नवी पेटी आणून माझ्या बाकावर ठेवलीत. सर, घोडा छापलेलाच होता. कॅलेंडरचं पान, खाली कार्बन, खाली माझा कागद. वडील गेले तरी त्यांना कळलं नाही, आणि मी नोकरीला लागलो त्याच साली तुम्हीही गेलात. लोकांना वाटतं कंपनीने मला संशयी केलं. मला माहीत आहे की खोटं बोलणारा चेहरा किती निरागस दिसू शकतो. तो माझाच होता.

तर आमच्या वर्गात खाडीकडच्या गावातल्या एक बाई येतात, चाळिशीच्या. फारसं बोलत नाहीत. सहाव्या रविवारी त्यांनी पिशवीतून घरी केलेली चौकट काढली. पाण्यावर झेपावणारा खंड्या, निळ्या-हिरव्या काचेचा, चोच नारिंगी. प्रत्येक तुकड्याला तांब्याची पट्टी सारख्या रुंदीची, तुकडे जोडणारं वरचं डाखकाम गुळगुळीत. माझी तोवर चार तुकड्यांची एक वेडीवाकडी पणती झाली होती. सगळे वा वा करत होते. मी चौकट हातात घेतली, कडा बघितल्या आणि विचारलं, "ताई, कुणी मदत केली?"

"कोन करनार? मीच केलाय."

"नाही, फोनवर मागवलं की अशा तयार मिळतात हल्ली."

सर, मला तेव्हा बरं वाटत होतं, हेही लिहितो. चोर पकडल्यासारखं. बाईंनी टेबलावरची निळी काच ओढली, त्यावर हातानेच एक खोल बाक काढला, कटर फिरवला आणि पकडीने चिमटी-चिमटीएवढी काच तोडत तो बाक मोकळा केला. मॅडमनाही जमायला वेळ लागतो असा बाक. तुकडा माझ्यासमोर ठेवून म्हणाल्या, "खिडक्यांच्या दुकानात बारा वरसा काच कापलीय, दादा." आणि पिशवी उचलून निघून गेल्या.

पुढच्या रविवारी त्या आल्या नाहीत. मॅडम म्हणाल्या, येणार नाही असा निरोप आहे. मी गावाचं नाव विचारून रिक्षा केली. मिठागरांच्या बांधाजवळ घर, बाई अंगणात सुकट निवडत होत्या. मला बघून उठल्या नाहीत. मी उभ्यानेच म्हटलं, "ताई, माझं चुकलं."

"हितं कोन ऐकतंय?" त्या म्हणाल्या. "बोललात सगल्यांसमोर. आता माफी पन तिथंच मांगा. मंग येतंय मी."

पुढच्या रविवारी त्या वर्गाच्या दारात येऊन थांबल्या. पाच-सहा माणसं, त्यांतली निम्मी माझ्या मुलीच्या वयाची, एवढंच तर होतं. पण उभा राहिलो आणि आधी टेबलावरचा काचेचा चुरा झाडत राहिलो, मग बोललो. आणि मी तर चुकलो होतो, सर. तुम्ही बरोबर असताना उभे राहिला होतात, एका लबाड पोरासमोर, नोकरी वाचवायला. मला वाटतं तुम्हाला ठाऊक होतं. मग ती रंगांची पेटी का दिलीत? मला लाजवायला, की खरंच शंका आली होती, की पोराने निदान आता तरी काढावं म्हणून? इतकी वर्षं मी त्या पेटीचाही संशयच घेत आलो. एकही रंग वापरला नाही.

माफी मागून झाल्यावर बाई म्हणाल्या, "बसा आता," आणि माझ्या हातातला कटर जरा उभा करून दिला. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "पन दादा, तुमाला आसा वाटला तरी कशाला?" मी म्हटलं, काम फारच सफाईचं होतं म्हणून. त्यांना ते पटलं. घोड्याचं मी त्यांना सांगितलं नाही. कुणालाच सांगितलेलं नाही, आणि हा कागद जायचा तरी कुठे.

आत्ता बायको चहा ठेवून गेली. काय लिहिताय एवढं, म्हणाली. मी हात आडवा धरून म्हटलं, "काही नाही, काचेचं डिझाइन काढतोय." तिने लगेच विश्वास ठेवला.