पेटी कोण्या देवाची

१२ एप्रिल १९३१
पेटीचा वरचा सा मुका झाला. भाता मारला की नुसता श्वास येतो. भजनी मंडळाची पेटी. वाजवणारा मी, म्हणून माझ्या घरी असते. दर खेपेला वाजवण्याआधी तिला हळदकुंकू लागतं.
पंचफुला म्हणाली, "आता पेटी खोलून बसान." बायकोला माझे सगळे नाद पाठ आहेत — पतंग, बुलबुल, बासरी, मग ते घड्याळ, जे उघडलं आणि पुन्हा मिटलंच नाही. तिच्या मते माझा कुठलाही नाद दिवाळी पाहत नाही.

१५ एप्रिल
भाजी घेऊन मंगरूळला गेलो तेव्हा पेटी गाडीतच टाकली. मिशनचे उदयसिंग मास्तर पेट्या दुरुस्त करतात असं ऐकलं होतं. खरंच करतात! पितळी पातीखालून कचरा काढला, फुंकर मारली, सूर बोलला. पैसे घेईनात. एक गोष्ट ऐकून जा म्हणाले.
गोष्ट येशूने सांगितलेली. एकजण पेरायला जातो, काही बी वाटेवर पडतं, पाखरं खातात. मी हसलो. असा कोण पेरतो? मुठीतून दाणे तिफणीवरच्या वाटीत, चाड्यात, सोडायचे, ते नळ्यांतून थेट मातीतल्या तासात उतरतात. वाटेवर जातीलच कसे? मास्तरही हसले. ते शिपायाच्या घरचे, त्यांना पेरणी काय ठाऊक! बाजारात हीच गोष्ट सांगितली की शेतकरी हसून पुढे जातात, म्हणाले.
घरी येईपर्यंत मनात त्या पेरणाऱ्याशी भांडत होतो. वाटेवर काहून टाकलंस बाबा?

१९ एप्रिल, रविवार
मिशनची प्रार्थना पाहायला गेलो. नुसतं कुतूहल. पेटीही नेली, कारण त्यांची वाळवीने खाल्ली आहे. जेमतेम आठ-दहा माणसं. गाण्याचे शब्द मराठी, पण चाल परक्या देशची. सगळे मान खाली घालून कसंबसं म्हणत होते. मी तेच शब्द आपल्या भजनाच्या ठेक्यात बसवले. माना वर आल्या. एक म्हातारी टाळ्या वाजवायला लागली!
येताना पेटीवरचं कुंकू पुसलेलं दिसलं. माझ्याच बाहीला लागलं होतं.

२० एप्रिल
आमच्या इंझोरीला बातमी माझ्या आधी पोचली. सकाळीच बापूराव आले. मंडळाचे म्होरके, शिवाय पंचफुलाचे सख्खे चुलते. बाप गेल्यावर तिला वाढवलं ते त्यांनीच. ओरडले असते तर बरं झालं असतं. खाटेवर बसले, पाणी प्याले, पेटीवरचं लाल फडकं नीट केलं.
"पेटी देवाची हाये, जगदेव. कोन्या देवाची, ते तू ठरव. मंग हात लाव."
आपल्याच देवाची असं नाही ठरलं तर पेटी त्यांच्याकडे पोचवायची, आणि मग त्यांच्या घराची पायरी आम्हा दोघांनाही बंद. हे शेवटचं पंचफुलाकडे पाहून म्हणाले. ती चुलीपाशी होती. उठली नाही.

२१ एप्रिल
पेटीला हात लावला नाही.

३ मे
समोर भजन चाललंय, मी घरात. बोटं मांडीवर आपोआप चालतात. फार वाईट वाटतं, खोटं कशाला लिहू.
पण खरी गंमत ही की डोक्यात भजन नाही, तो पेरणारा आहे. मास्तर म्हणतात, ती गोष्ट तुमच्या पद्धतीने लिहा, मिशनच्या मासिकात छापू; मात्र आपला माणूस हसून पुढे जाऊ नये. तीनदा लिहायला बसलो. दरवेळी त्या वाटेवरच्या दाण्यांशी अडतो. वगळून टाकावे? मग गोष्टच उरत नाही.
पंचफुला एवढंच म्हणाली, "दिवाळीलोक पाहू." पहिल्यांदा तिच्या बोलण्यात थट्टा नव्हती.

५ जुलै
मळ्यापलीकडच्या वावरात ज्वारी पेरली. बैल मी हाकत होतो, चाड्यावर मूठ पंचफुलाची. वावराच्या कडेला, धुऱ्याशी आलो, तिफण उचलून फिरवली. तिथे मूठ मिटायची असते. तिने मिटली नाही. दाणे गाडीवाटेवर सांडले. पुढच्या फेरीला पुन्हा तेच. मी खेकसलो, लक्ष कुठं आहे?
ती म्हणाली, "लक्ष हाये. पाखराइनं कायले उपाशी राहावं? दरसाल टाकतो मी."
इतकी वर्षं मी पुढे, ती मागे. मी कधी वळून पाहिलंच नव्हतं! बैल थांबवले आणि धुऱ्यावर बसून राहिलो. म्हणजे तो पेरणारा वेंधळा नव्हता. त्याला वाट ठाऊक होती, पाखरं ठाऊक होती, तरी त्याने मूठ उघडी ठेवली. डोळे भरून आले. असा कोणी असेल तर मला त्याचंच व्हायचं आहे, हे तिथेच कळलं. तिला वाटलं मला ऊन लागलं.

६ जुलै
एका बैठकीत लिहून झालं. जेवणाची आठवण नाही. पेटीवर कधी असं झालं नव्हतं.

९ जुलै
पंचफुला मेथीच्या जुड्या बांधत होती. सगळं वाचून दाखवलं. तिचा हात थांबला. मग मी सांगितलं — हा नाद दिवाळीला संपायचा नाही. पेटी बापूरावांना परत द्यावी लागेल. तुझं माहेर जाईल.
बराच वेळ जुड्याच बांधत राहिली. मी समजलो, संपलं. तिला एकटीला जायचं असेल तर अडवणार नव्हतो.
शेवटी म्हणाली, "त्याइच्या घरी पेटी द्याले मी बी येतो. पाया पडून घेतो." आणि मग माझ्याकडे न पाहता, "पन एक सांगा. पेरून तं मी राह्यली होती. तुमच्या गोष्टीत हा बाप्या कुठून आला?"

११ जुलै
पेटी दोघांनी मिळून पोचवली. बापूरावांनी कुंकू लावून ती आत नेली. बाहेर आले नाहीत.
घरी येऊन गोष्टीची पहिली ओळ खोडली. आता अशी आहे — एक बाई पेरायला निघाली.