मास्तरीणबाईंचा पट्टा

प्रिय खारूताई,

रविवारी तू फोनवर सहज विचारलेस, की चिप का बिघडते आणि या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या गाजावाजाबद्दल माझे मत काय, आणि मी पाऊण तास बोलत राहिलो. तुझ्या आईच्या मते एवढे तर मी लग्न ठरतानाही बोललो नव्हतो. मग मध्येच, पाहुणे आले आहेत असे सांगून मी फोन ठेवला. पाहुणे कोणीही आले नव्हते. राहिलेले आता लिहितो. बोलताना मला अर्धे वाक्य टाकून निसटता येते, कागदावर ते जमत नाही.

चिपेबद्दल जे सांगितले, त्यावर मी ठाम आहे. तिचा मेंदू सहसा ठणठणीत असतो, मोडतात ते हातपाय. केसाहून बारीक तार जिथे टेकवलेली असते तिथून सुटते, आवरणात ओल शिरते, किंवा तापमान बदलले की एक पदार्थ जास्त आक्रसतो, दुसरा कमी, आणि त्या ओढाताणीत सांधा उकलतो. घरे मोडतात तीही बहुधा याच कारणाने. मेलेल्या चिपांची चिरफाड करण्यात मी चाळीस वर्षे घालवली, तेव्हा एवढे बोलण्याचा अधिकार मला असावा.

कृत्रिम बुद्धिमत्तेबद्दलही माझा आक्षेप यंत्रावर नाही, जाहिरातीवर आहे. शेजारच्या भूगोलाच्या निवृत्त सरांनी पाणी तापवण्याची नवी किटली आणली आहे. तिच्यावर 'बुद्धिमान' असे छापलेले आहे. पाणी उकळले की ती बंद होते. आमची जुनी किटलीही तेवढेच करते, फक्त तिला त्याचा गर्व नाही. तुमचे बोलके यंत्र मला त्या विद्यार्थ्यासारखे वाटते, ज्याने सगळ्या उत्तरपत्रिका वाचल्या आहेत, पण प्रयोगशाळेत कधी पाऊल टाकलेले नाही. आडात नाही ते पोहऱ्यात येत नाही, हे सर्वांना ठाऊक असते. आडातले पाणीच नासलेले असेल तर काय, हे मात्र कोणी विचारत नाही.

हे सर्व मी मोठ्या ऐटीत सांगत होतो, तेव्हा तू तुझ्यापुढचे प्रकरण सांगितलेस. शीतगृहांतील तापमान मोजणाऱ्या उपकरणांतून तीन चिपा बंद पडून परत आल्या. तुझ्या टेबलावर तिन्ही चालू झाल्या. आपल्या कारखान्याचे जुने अहवाल वाचून शिकलेल्या तुमच्या यंत्राने निदान केले, की जोडणी करणाऱ्या कामगाराने, अंगावरची वीज वायरीतून जमिनीत उतरवणारा मनगटाचा पट्टा न लावता चिप हाताळली आणि त्याच्या अंगावरच्या स्थिर विद्युतेचा झटका तिला बसला. खात्री शंभरात चौऱ्याण्णव. शुक्रवारी तू त्या अहवालावर सही करायचीस आणि सोमवारी तो कामगार जोडणीच्या टेबलावरून उठायचा. दोन मुलांचा बाप आहे, हेही तूच सांगितलेस, जरा खालच्या आवाजात. आणि मग हसून म्हणालीस, ऐका बाबा, हे लिहिते मात्र अगदी तुमच्यासारखे, आणि तू निदानाचे ते वाक्य वाचून दाखवलेस. वाक्य निर्दोष होते. त्यानंतर लगेच माझे पाहुणे आले.

आता जे लिहितो, ते तुझ्या आईलाही काल सकाळपर्यंत ठाऊक नव्हते.

तू तिसरीत असशील. फ्रॉकच्या खिशात माझ्या टेबलावरचे दाण्यांसारखे रंगीत रोधक भरून नेत होतीस, म्हणून तर तू खारूताई झालीस. त्या वर्षी माझ्याकडे एकच बिघडलेली चिप तपासणीला आली. तीही थंड जागेतून आली होती आणि तीही माझ्या टेबलावर मुकाट्याने चालत होती. अशी चिप आधी थंड करून पाहायची असते. आवरण उतरवण्याची घाई करायची नाही, कारण एकदा ते विरघळवणारे आम्ल ओतले की पुरावा परत येत नाही. हा नियम नवशिक्यांना मीच शिकवत असे. त्या दिवशी थंड करण्याची पेटी दुसऱ्या विभागाने नेली होती, अहवाल दुपारी हवा होता आणि मला स्वतःवर फार भरवसा होता. मी आम्ल ओतले. आत एक तार सुटलेली दिसली. ती आधीच सुटलेली होती की माझ्या आम्लाने सुटली, हे सांगण्याचा मार्ग मीच बंद केला होता. तेथे 'कारण निश्चित करता येत नाही' असे लिहायला हवे होते. माझ्या नावाखाली तसे वाक्य तोवर कधी गेले नव्हते. म्हणून मी दोष हाताळणीवर टाकला, पट्टा न लावता चिप हाताळली असे लिहिले. चोर सोडून संन्याशाला फाशी.

ती चिप जोडणाऱ्या बाईंना सारे मास्तरीणबाई म्हणत, कारण निम्म्या कारखान्याला तार टेकवायला त्यांनीच शिकवले होते. त्यांना खोकी भरण्याच्या विभागात पाठवण्यात आले. सहा महिन्यांनी तशाच चिपा पुन्हा परत आल्या, आणि त्या जोडल्या गेल्या तेव्हा बाई खोकी भरत होत्या. मला कळायचे ते कळले. मी गप्प बसलो. पुढे एकदा जिन्यात त्या समोर आल्या. आवाज न चढवता म्हणाल्या, "साहेब, मी पट्टा कधी काढला नव्हता हो." तेव्हाही तो त्यांच्या मनगटावर होता. खोक्यांना विजेचा झटका बसत नाही, आणि पट्ट्याची वायर कशालाच जोडलेली नव्हती. निवृत्त होईपर्यंत, अकरा वर्षे, त्या तो रोज बांधून येत राहिल्या. मी रोज तो पाहिला.

तू वाचून दाखवलेले ते वाक्य यंत्र माझ्यासारखे लिहीत नाही, खारूताई. ते माझेच आहे, अक्षरशः. त्या अहवालातले. माझ्या भाषेवर कोणाला कधी बोट ठेवता आले नाही, म्हणून त्यातल्या खोट्यावरही कोणी ठेवले नाही, आणि आता यंत्र तेच खोटे चौऱ्याण्णव टक्के खात्रीने त्या माणसावर चिकटवत आहे. तेव्हा शुक्रवारी सही करू नकोस. चिपा उघडू नकोस. तिन्ही उणे वीस अंशांवर तासभर ठेव आणि थंड असतानाच तपास. त्यातून काय निघेल ते मी आधीच सांगणार नाही, ती चूक एकदा करून झाली आहे. सोबत माझ्या सहीचे दुरुस्तिपत्र आहे, त्यावर जुन्या अहवालाचा क्रमांक आणि दिनांक आहे. ते तुझ्या वरिष्ठांना दे, आणि वाचून ते काय म्हणतील ते माझ्या नावावर राहू दे. दुसरी प्रत घेऊन मी उद्या मास्तरीणबाईंकडे जाणार आहे, पत्ता निवृत्तिवेतन कार्यालयातून मिळाला. तुझी आई बरोबर येते म्हणाली, मी नको म्हटले. त्या दार उघडतील की नाही, याबद्दल माझ्याजवळ कोणतीही टक्केवारी नाही.

तुझाच,
या वेळी पूर्ण वाक्य लिहिलेला,
बाबा