खंड्याची लूत

ती. आबांस,

आपल्या खंड्या कुत्र्याला होडीतून खाडीपलीकडे सोडायचा तुमचा बेत मला मान्य नाही. त्याला घेऊन मी अलिबागेस गुरांच्या डॉक्टरांकडे चाललो आहे.

तुम्ही म्हणता तसा हा देवीचा कोप नव्हे, लूत आहे. कानांच्या कडा प्रथम सोलल्या, तेव्हाच ती ओळखायला हवी होती. तुम्ही त्याला होडीला लावायचे मुशी माशाचे तेल फासलेत. लाकूड ते मुकाट पिते. सोललेली कातडी जळते.

“बी. ए. झालास नि कुत्र्याची खाज काढतंस?” असे तुम्ही बंदरावर चारचौघांत विचारलेत. होय, काढतो. परत आल्यावर, बरा होईस्तोवर त्याला गंधक आणि करंजेल लावीन व सुकटीच्या खोपटात त्याच्याजवळच निजेन.

तरीही त्याला सोडायचेच असेल, तर होडीत दोघांची जागा ठेवा.

आपला,
केसरीनाथ