भिंतीवर टांगलेला निबंध

१२ ऑगस्ट

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

इकडे सगळे खुशाल. बाबा सकाळी डोळ्याला भिंग लावतात ते जेवायलाच काढतात. दुरुस्तीला घड्याळं मात्र कमी येतात. दुकान टिकवायचं तर धंदा कसा करतात ते नीट शिकायला हवं, म्हणून बिझनेस स्कूलला अर्ज करायचं ठरवलंय. पण कुठे आणि कधी, यावर गाडी अडली आहे. इथल्या कॉलेजात संध्याकाळचे वर्ग आहेत, म्हणजे दुकान सुटत नाही. तुझ्या क्वार्टरसमोरचं स्कूल मात्र नावाजलेलं. तिथे पहिल्या फेरीत घेतलेल्यांचे वर्ग जानेवारीत सुरू होतात, दुसऱ्या फेरीतल्यांचे जुलैत. बाबांना विचारलं, तर म्हणाले आत्याला विचार. तर सांग.

लोभ आहेच, सल्लाही असू दे.
तुझी टिकटिक

२५ ऑगस्ट

चि. टिकटिक हिस,
अनेक उ. आ.

पत्रातसुद्धा तुझी बडबड ऐकू येते. इथेच ये, आणि पहिल्याच फेरीत अर्ज कर. दिवसभर दुकान करून संध्याकाळी वर्गात बसलीस तर पुस्तकावर डुलक्या घेशील. ग्रंथालयात असल्यांना उठवण्यातच माझी सगळी नोकरी सरली.

हॉस्टेलचं नाव काढू नकोस. माझी रस्त्याकडची खोली रिकामीच आहे, खिडकीतून स्कूलचं फाटक दिसतं. टेबल तिथे सरकवलंय, पिवळा पडदाही शिवलाय. शिलाई तिरकी आहे, हसायचं नाही. दादाला म्हणावं, त्या खोलीला एक भिंतीवरचं घड्याळ दे. जानेवारीतच ये. पुन्हा लिहिते, जानेवारीतच.

वाट पाहणारी,
आत्या

१० ऑक्टोबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

ओरडू नकोस. पहिली फेरी हुकली.

आपल्या दुकानाचा नियम तुला ठाऊकच आहे. दुरुस्त झालेलं घड्याळ लगेच द्यायचं नाही, आठवडाभर भिंतीवर चालू ठेवायचं, मागेपुढे झालं तर पुन्हा उघडायचं. अर्जासोबतचा निबंध लिहून झाला तसा बाबांनी तो चिमट्यात अडकवून दोन घड्याळांच्या मधे टांगला. मलाही ते पटलं. येता-जाता वाचायची, एखादं वाक्य खटकायचं, की पुन्हा लिहायचा आणि पुन्हा आठवडा टांगायचा. भिंतभर घड्याळं, पण तारखेकडे कुणाचंच लक्ष नाही. बाबांना फार लागलंय, धड जेवत नाहीत. मी त्यांना म्हटलं, जानेवारी काय न् जुलै काय, आत्याची खोली कुठे पळून जाते?

दुसऱ्या फेरीचा निबंध एका बैठकीत लिहिला आणि न टांगता पाठवला. तुझं घड्याळ बाबांनी हातात घेतलंय.

राग लवकर उतरू दे.
तुझी टिकटिक

२२ ऑक्टोबर

चि. टिकटिक हिस,
अनेक उ. आ.

ओरडत नाही. जुलैत ये, शिक्षण तेच आहे. पण खोली पळून जाते आहे, ते आता सांगायला हवं. मेअखेर मी निवृत्त होते. नोकरीबरोबर क्वार्टरही जातं. मग मैत्रिणीच्या गावी राहायचं ठरलंय, इथून रात्रभराचा प्रवास. हे आधी कळवलं असतं तर तू माझ्यापायी आली असतीस, आणि मला तू शिकायला यायला हवी होतीस.

जानेवारीपासून घरात कुणी बोलणारं असेल, असं मी मनात पक्कं धरून बसले होते. वाईट वाटलं, खोटं कशाला लिहू? दादाला यातलं काही सांगू नकोस, पुन्हा जेवायचा थांबेल.

तुझीच,
आत्या

१५ जुलै

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

वर्ग सुरू झाले. हॉस्टेलमधली जोडीदारीण घोरते, पण स्वभावाने बरी आहे. सर म्हणाले, तुमचा निबंध साधा होता म्हणून आवडला. घाईत लिहिलेला तोच. मी मान खाली घालून बसले.

तुझ्या खोलीचं घड्याळ बाबांनी माझ्याबरोबर दिलंय. इथे भिंतीला खिळा मारू देत नाहीत, म्हणून ट्रंकेवर ठेवलंय. मिनिटभरही मागे पडत नाही. त्याच्याकडे पाहिलं की स्वतःचा राग येतो.

काल फाटकातून आत शिरताना मागे वळून पाहिलं. तुझ्या क्वार्टरमध्ये आता दुसरं बिऱ्हाड आहे. त्यांनी पडदा काढलेला नाही. शिलाई खरंच तिरकी आहे, आत्या. मला हसू आलं नाही.

सुट्टी लागली की घड्याळ घेऊन पहिल्याच गाडीने येते. तोवर लोभ तसाच ठेव.
तुझी टिकटिक