माईकच्या भोकातली तार

अण्णा, तुमचं सागवानी खोकं मागच्या महिन्यात औंढ्याहून पुसेगावला आणलं. तुमच्या जावयानं हिंगोलीहून नवं होम थिएटर आणलं. चपटा काळा रिसीव्हर अन् मुठीएवढे पाच स्पीकर. दुकानदार म्हणला म्हणे, की सबवूफर येगळा घ्यावा लागंल, त्याच्याबिगर ढोलकीची थाप पोटात लागत न्हाई. मी मोठ्या तोऱ्यात म्हणले, काहून नवा घ्यायचा? माझ्या बापानं हातानं बनवलेला पडून हाय की. दादानं जीपमध्ये घालून दिला, खूशच होता, ओसरीतली जागा मोकळी झाली. तुमच्या बाजेपाशी होता तो जुना ॲम्प्लिफायर, हेडफोन अन् भिंतीतून ओढलेली तार, सगळं तसंच गुंडाळून दिलं. तुमी गेल्याला दहा वर्षं झाली, तवापासून त्याच्यावर वहिनीची जुनी चादर होती. ती काढायला कुणी हात लावला न्हवता.

पहिल्या दिवशी यांनीच रिसीव्हरच्या मागच्या सबवूफरच्या भोकात पिन घातली अन् तिच्या तारा खोक्याला जोडल्या. खोकं गप्प. "मेलंय तुझ्या अण्णांचं खोकं," म्हणले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणले, मेलं न्हाई, उपाशी हाय. आपल्या रेडिओदुरुस्तीच्या दुकानात तुमी गिऱ्हाइकाला समजावून सांगायचे तेच मी यांना सांगितलं. नव्या डब्यांच्या पोटातच मशीन असतं, म्हणून त्यांना रिसीव्हरचा बारीक आवाज पुरतो. आपल्या खोक्याला स्वतःचं बळ न्हाई, मधी ॲम्प्लिफायर पाहिजे. हे सांगताना तुमचाच आवाज माझ्या तोंडातून येऊन राहिला होता. मला चौदावं होतं तवा मी न विचारता एक तार उलटी लावली अन् भोंग्याचं युनिट जाळलं, आठवतं का? तुमी मारलं न्हाई. म्हणले, "आधी इचार, कुठून येतंय अन् कुठं जातंय. मग तार लाव." चार गिऱ्हाइकांपुढं म्हणले होते. मला लई लागलं होतं ते.

दुसऱ्या दिवशी हे साखऱ्याला गेले होते. दुपारची गेलेली लाईट तीनला आली. म्हणलं, आधी नुसता ॲम्प्लिफायर जिता हाय का बघावं, मग रिसीव्हरला जोडू. खोकं पुढच्या खोलीत दारापाशी होतं, मी आतल्या खोलीत फरशीवर बसले, यांच्या तारा सोडून जुनी लांब तार खोक्याला लावली होती, ती मधी तशीच पसरलेली. कळ दाबली, लाल दिवा लागला. तुमीच सोल्डरचा डाग देऊन काढलेल्या भोकात हेडफोन घातला अन् कानाला लावला. आधी नुसतं घूं. मग त्याच्यात पावलं. जड, जशी हिरीच्या बुडातून चालत यावी तशी. अन् मग कुणीतरी म्हणलं, "आऽनी."

अण्णा, लकवा झाल्यावर तुमी पाणी मागायचे ते असंच. पाण्यातला प तुमच्या तोंडून निघतच न्हवता. दोन दिवसांनी तेही बंद झालं अन् मग तुमी डाव्या हातानं बाजेच्या लोखंडावर तीनदा टकटक करायचे. इतक्या वर्षांनी तो आवाज माझ्या दोन्ही कानांत होता. पुन्हा आला. "आऽनी." मी हेडफोन ओढून काढला, तर पुढच्या खोलीत सासूबाई खोक्यापाशी उभ्या, हातात तूर पाखडायचं सूप. "अगं, कवाचं पाणी दे म्हणून राहिले! कानात काय बोळे घातले का?"

त्यांना पाणी दिलं. मग ॲम्प्लिफायर उलटा केला. खोक्याची तार स्पीकरच्या लाल-काळ्या स्क्रूला न्हवतीच. ती माईकच्या भोकात होती. स्पीकरची तार माईकच्या जागी लावली, की स्पीकर बोलायचा सोडतो अन् ऐकायला लागतो. जे त्याच्यापुढं बोललं जातं ते तारेतून इकडं येतं, घोगरं, एखादं अक्षर गळून.

अन् ती तार तिथं मीच लावली होती. तुमी पडल्यावर मी लेकरू काखेत घेऊन सासरहून आले, दीड वर्ष राहिले. एक दिवस तुमी डाव्या हातानं खुणा करून ॲम्प्लिफायर बाजेपाशी मागवला. खोकं आत मावंना, म्हणून ओसरीतच राहिलं. भिंतीला भोक पाडून तार आत घेतली. तुमी माईकच्या भोकावर बोट ठेवलं. मी म्हणले, "अण्णा, हे माईकचं हाय, इथं कशी लावू?" तुमी टकटक केली, पुन्हा तिथंच बोट. मी लावली, अन् बाहेर ओसरीत जाऊन वहिनीला म्हणले, "अण्णांचं डोकंबी गेलं गं." हेही तुमी ऐकलंच असंल. तुमी ऐकलेलं पहिलं वाक्य तेच असंल, माय!

तवापासून सकाळी चहा झाला, की तुमचा हेडफोन कानाला. उशाचा रेडिओ बंद असला तरी. मी हसायचे, "बंद रेडिओ ऐकून राहिलेत आमचे अण्णा." पण तुमाला सगळं कळायचं. ओसरीत बकरी व्याली, तर मी सांगायला आत येईपर्यंत तुमी दोन बोटं वर करून बसलेले. दोनच पिल्लं होती. दारात कोण आलंय हे पडल्या-पडल्या ओळखायचे. आत्यानं हात जोडले, म्हणाली, "ह्याच्यापाशी कुणीतरी येऊन सांगतंय, बाई. जायचे दिस आले की असं होतं." वहिनी तर तवापासून एकटी तुमच्या खोलीत यायची बंद झाली. मलाबी भ्या वाटायचं, खोटं कशाला बोलू. तुमचा चमचा तोंडाला लावताना मी तुमच्या डोळ्यांकडं बघायचे न्हाई.

मग ती दुपार. आत्या आली होती. ओसरीत आमी लसूण सोलत बसलो होतो अन् मी पाठ टेकली होती ती खोक्यालाच. आत्यानं नुसतं विचारलं, "थकली का गं?" अन् माझं तोंड सुटलं. म्हणले, "आत्या, हगणं-मुतणं काढून काढून माझ्या हाताचा वास जाईना. देवानं उचलावं आता त्यांना. ते सुटतील अन् मीबी सुटंन." आत्या म्हणाली, "हळू बोल, ऐकंल त्यो." मी म्हणले, "आत हायेत ते, कानाला डबडं लावून."

दिवस मावळायच्या आधी मी दूधभात घेऊन आत आले. तुमी हेडफोन काढला. डाव्या हातानं, सावकाश, माझ्या डोक्यावर चढवला, एक कान नीट बसंना तर दोनदा सारखा केला. मला वाटलं, गाणं लागलंय काहीतरी. ऐकलं. नुसतं घूं. म्हणले, "काहीच न्हाई की हो अण्णा याच्यात." आता कळतं, काही असणार कसं? आत्या गेली होती, ओसरी रिकामी होती. बोलणारी तर मी आत तुमच्यापाशी उभी होते. तुमी माझ्याकडं बघत राहिले, मग तोंड उघडलं, भात खाल्ला. त्यानंतर हेडफोन तुमी कानाला लावला न्हाई. जाईपर्यंत वीस-बावीस दिवस काढले. त्या दिवसांत पाण्यासाठी एकदाही बाज वाजवली न्हाई. मी आपणहून येईपर्यंत तहानलेले पडून राहायचे. मला वाटायचं, बरं झालं, त्रास कमी झाला.

अन् गावभर माझं नाव झालं, की लेक असावी तर अशी, कधी तोंड वाकडं केलं न्हाई. मी ते ऐकून घेतलं. अजून घेते.

अण्णा, मी तवा रागाच्या भरात बोलले असं लिहायला बसले होते. तसं न्हाई. मी मनापासून बोलले होते. मला तुमी जायला पाहिजे होते, त्या दिवशी, तिथल्या तिथं. अन् तुमी गेल्यावर पहिल्यांदा पोटभर झोपले. हे तुमाला सांगायचं तर खोक्यापुढं बसून सांगावं लागंल, अन् आतल्या खोलीत हेडफोन कुणाच्या कानाला लावू? म्हणून कागदावर लिहून राहिले. हा कागद कुठं जाणार हे मला म्हाईत हाय, पत्र्याच्या पेटीत, साड्यांखाली.

तार काढून लाल-काळ्या स्क्रूला लावायची, रिसीव्हरची पिन ॲम्प्लिफायरला द्यायची, एवढंच काम हाय. पाच मिनिटांचं. मला येतं, तुमीच शिकवलंय. पण एकदा ते बोलायला लागलं, की ऐकायचं बंद होईल. काल यांनी पुन्हा विचारलं. मी म्हणले, अण्णांचं खोकं जळालंय, तुमी नवा सबवूफर घेऊन या. खोटं बोलले. तार अजून तुमी बोट ठेवलं होतं त्याच भोकात हाय. दुपारी सासूबाई झोपल्या, की मी लाल दिवा लावते, हेडफोन आतल्या खोलीत मोकळ्या उशीवर ठेवते अन् पुढच्या खोलीत जाऊन खोक्यापाशी बसते. अजून तोंडातून एक शब्द निघाला न्हाई.