शनिवारचं टेबल

सर, तुमच्या त्या विलायतेच्या खासदारानं माझी पार पंचाईत करून ठेवली आहे. वर्षभर मी तुमच्यावर चिडून आहे. गेलेल्या माणसावर चिडून उपयोग नसतो हे कळतं, तरी लिहितेच.

नळदुर्गला शाळेत असताना मी इंग्रजी शिकायला तुमच्या खोलीवर यायचे. तुमच्या एका हातात पिठल्याची पळी, दुसऱ्यात त्या खासदाराचं जाडजूड चरित्र. खाणकामगाराचा मुलगा, पहिली निवडणूक हरला, दुसरी जिंकला आणि म्हातारा होईपर्यंत पार्लमेंटात बसला. एकदा स्वतःच्याच पक्षाविरुद्ध मत दिलं, म्हणून मंत्री कधी झाला नाही. पण दर शनिवारी गावातल्या वाचनालयात टेबल टाकून बसायचा, ज्याला जे सांगायचं त्यानं रांगेत येऊन सांगायचं. शेवटी निवडणुकीत पडला, तर पुढच्याच शनिवारी नव्या खासदारापुढं त्याच रांगेत उभा, गल्लीतला दिवा बंद आहे म्हणून! हे पान तुम्ही पुन्हा वाचायचात. मी विचारलं होतं, "मंत्रीच झाला न्हाय, मग मिळवलं काय त्यानं?" तुम्ही पळी खाली ठेवलीत. "माणसाचं ऐकून घेणं तुला रिकामं काम वाटतंय व्हय गं? आधी बसून बघ."

बसले, सर. सरपंच झाले आणि ग्रामपंचायतीच्या ओसरीत दर शनिवारी टेबल मांडलं, ‘तक्रार असल्यास सांगा’ असा फलक लावला. लोक शाल-नारळ घेऊन आले. एका आजोबांनी तर हातच जोडले, "ताई, तुमच्याबद्दल आमची कायबी तक्रार न्हाय. कुणी कान भरले तुमचे?" समजावून थकले. चारचौघांत गाऱ्हाणं सांगणं म्हणजे सरपंचाचं नाक कापणं, असं गावानं ठरवूनच टाकलं. तीच माणसं सकाळी सहाला घरी येतात आणि नळाचं, गटारीचं सगळं माझ्या नवऱ्याला सांगतात. मी तिथंच चहा गाळत उभी असते. याचं काय करायचं, ते तुमच्या पुस्तकात कुठं होतं? आणि त्या खासदाराला लग्नपत्रिका येत नव्हत्या का? इथं एक लग्न चुकलं की "सरपंचीण लई माजली" म्हणतात.

मागच्या ग्रामसभेत मी ठणकावून सांगितलं, शनिवारी कुणी येत नाही, टेबल बंद. कुणी हरकत घेतली नाही. नंतर शिपाई हळूच म्हणाला, "ताई, वस्तीवरची एक बाई यायची. तीन शनिवार आली. तुमी लग्नाला गेल्ता. काय काम हाय म्हनलं, तर म्हनली, ताईंनाच सांगीन."

कुणी येत नाही, हे मी बघितलं होतंच कुठं? मीच तिथं नव्हते. वस्ती काही लांब नाही, गाडीनं दहा मिनिटं. अजून गेलेले नाही. तुम्ही हयात असता तर हे तुम्हालाही सांगितलं नसतं.