ओढ्यापलीकडची वस्ती

भिंगार,
१७ मार्च १९७४

प्रिय शामकांत,

तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले. ऑफिसातून आले की आज लिहायचंच असं ठरवते. मग आई कणीक मळायला बसवते, बाबा कॅन्टोनमेंटच्या बातम्या सांगतात आणि राहून जातं. मनातल्या मनात मात्र तुला रोज लिहिते. तिथे कलकत्त्यात भातच भात असतो, भाकरी स्वप्नात येते असं तू लिहिलंस, ते वाचून आई हसली. मी उठून मागच्या दारी गेले.

माझं विमा कंपनीतलं प्रशिक्षण आता संपत आलं. काम शिकायला मुलगी आली म्हणून सुरुवातीला सगळे माझ्याशी टेबलाकडे बघून बोलायचे. आबासाहेबांनी तेवढं सरळ विचारलं, "जीपमधून हिंडायची तयारी आहे ना?" ते आमचे पाहणी अधिकारी. कारखान्याचा विमा उतरवण्याआधी जाऊन बघायचं, इथे काय पेटेल, काय फुटेल, काय बुडेल. आता मला घरातही जोखीमच दिसते. स्टोव्हवर लोंबणारा पडदा मी काढून टाकला, तर आई म्हणाली, "तुला शिकायला पाठवलं की घर उघडं करायला?"

जानेवारीत श्रीगोंद्याकडच्या एका साखर कारखान्यावर गेलो. नाव लिहीत नाही, आबासाहेबांची ताकीद आहे. काष्टीजवळ रेल्वेचं फाटक बंद होतं. नगरकडे जाणारी गाडी धडधडत गेली. तू नगरहून अशाच गाडीने गेलास. गाडी दिसेनाशी झाली तरी मी तिकडेच बघत होते. आबासाहेब चष्मा पुसत बसले.

रस काढून उरलेल्या उसाच्या चिपाडाला कारखान्यात बगॅस म्हणतात. बॉयलरमध्ये तेच जाळतात. त्याची दुमजली घराएवढी गंजी होती आणि तिला खेटून ऊसतोड्यांच्या कोप्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्या. दारादारात चुली. पाथर्डीकडची बायडाबाई लेकरू पाठीशी बांधून चूल फुंकत होती. मी आबासाहेबांना म्हटलं, गंजी पेटली तर आधी ही माणसं जातील. ते म्हणाले, "आपण मालाचा विमा उतरवतो, नीलांबरी. कोप्या कारखान्याच्या नाहीत. अहवालात त्या कुठे बसवणार?"

परतताना माझ्या डोक्यात तेच घोळत होतं. दुसऱ्या दिवशी मी लिहिलं, 'मजुरांच्या चुलींमुळे बगॅसला आगीचा धोका आहे. वस्ती ओढ्यापलीकडे हलवल्याशिवाय विमा देऊ नये.' आबासाहेबांनी ते दोनदा वाचलं, माझ्याकडे बघितलं आणि सही केली. आठवड्यात कोप्या हलल्या.

पुढच्या खेपेला बायडाबाई मला आडवी आली. "तुमीच लिव्हलं ना, आमच्या चुलीनं कारखाना पेटंल म्हनून? पानी लई लांब पडलं आता. आमी काय आग लावायला आलोय व्हय?" काय सांगणार होते मी? तुम्हाला वाचवायला तुम्हालाच गुन्हेगार लिहावं लागलं म्हणून? त्या दिवशी तू फार हवा होतास. माझी बाजू घ्यायला नव्हे. तू नुसता सायकल हातात धरून माझ्याबरोबर भिंगारपर्यंत चालत आला असतास, तरी पुरे होतं.

आणि गेल्या आठवड्यात गंजी खरोखरच पेटली. भर दुपारी, सोसाट्याचं वारं. आम्ही नुकसानीची पाहणी करायला गेलो तेव्हाही आतून धुमसत होती. गंजी आणि ओढा यांच्यामधली वस्तीची जुनी जागा काळीठिक्कर पडली होती, तिथला लिंबही जळून गेला होता. माणूस मात्र एकही भाजला नव्हता. मी जीपला टेकून उभी राहिले.

तेवढ्यात कारखान्याचे मॅनेजर सगळ्यांदेखत म्हणाले, "मजुरांच्याच चुलीची ठिणगी. तुमच्याच अहवालात आहे की." मुकादमही मान डोलवायला लागला, ह्या टोळीला आजच हाकलतो म्हणाला. माझंच वाक्य, शाम! बायडाबाई पुढे झाली. ती ना रडली, ना ओरडली. म्हणाली, "आमच्या चुलीनं न्हाई लागली. येवढं लिवा."

मग मी बोलले. वस्ती ओढ्यापलीकडे, वारा कारखान्याकडून ओढ्याकडे. वाऱ्याला उलटी ठिणगी कशी येईल? धुराड्यातून उडणाऱ्या ठिणग्या अडवायला जाळी बसवा असं आम्ही जानेवारीतच सांगितलं होतं, ती बसवली का? मॅनेजर आबासाहेबांकडे बघायला लागले. आबासाहेब म्हणाले, "माझ्याकडे काय बघता? त्यांनी विचारलंय, त्यांना सांगा." जाळी बसवलेली नव्हती. मी तिथेच, जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून पहिलं वाक्य लिहिलं, 'आग मजुरांच्या चुलींमुळे लागलेली नाही.' बायडाबाईला ते मोठ्याने वाचून दाखवलं. टोळी राहिली. निघताना तिने विचारलं, "नाव काय तुमचं?" इतके दिवस तिच्यासाठी मी नुसती ऑफिसातली बाई होते.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. वैशाखात येतो, लग्न करून तुला कलकत्त्याला नेतो, तुला नोकरीची गरज पडणार नाही, असं तू लिहिलंयस आणि माझ्या होकाराची वाट बघतोयस. होकार आहे. तू गेलास त्या दिवशीही होता, तू विचारलं नाहीस. पण जूनपासून नगरच्या ऑफिसात मला कायम घेतायत आणि मला ते काम हवंय, शाम. तूही हवायस. दोन्ही मागायची लाज वाटत नाही, भीती मात्र खूप वाटते. नगरात तुझ्यासारख्या हिशेबनीसाला काम मिळत नाही असं थोडंच आहे? जमणार नसेल तर तेही तुझ्याच हाताने लिही, तुझ्या भावाकडून निरोप पाठवू नकोस. मी रडेन, आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसला जाईन. पण वैशाखात ये. मला न्यायला येऊ नकोस, राहायला ये.

तुझीच,
नीलांबरी